चालत्या ट्रेलरचं मागचं झाकण आपोआप उघडायचं: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

गाडीमागे ओढायच्या माझ्या ट्रेलरला मागे वर उघडणारं झाकण आहे, त्याच्या आत स्वयंपाकाचा ओटा. चालत्या ट्रेलरचं ते झाकण पहिल्यांदा उघडलं ते मला कळलंच नाही. मागून येणाऱ्या गाडीवाल्याने दिवे मारून मारून थांबवलं. उतरून पाहतो तर झाकण सरळ आभाळाकडे, ओट्यावरचं एक पातेलं गायब, बाकी सगळ्यावर बोटभर धूळ. पातेल्याचं दुःख नाही. पण ते मागच्या गाडीच्या काचेवर आदळलं असतं तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

सगळे करतात तेच मीही केलं, कुलूप बदललं. पुढच्याच फेरीत झाकण पुन्हा उघडलं. मग पट्टा आवळून बांधून दोन फेऱ्या काढल्या. पट्ट्याने झाकण मधे दबलं आणि कोपरे उचलले गेले, त्यामुळे धूळ पूर्वीपेक्षा जास्त आत आली. ताणाच्या रबरी दोऱ्या तर बांधूच नका. त्या ताणल्या जाण्यासाठीच असतात, झाकण धरून ठेवण्यासाठी नाही.

खरं कारण सापडायला एक अख्खा दिवस गेला. खिट्टीच्या जिभेला खडू फासला, झाकण बंद केलं, उघडलं आणि समोरच्या पट्टीवर खडू कुठे लागला ते पाहिलं. जीभ जेमतेम ३ मिलिमीटर अडकत होती. ती पट्टी पातळ पत्र्यावर रिव्हेटने बसवलेली होती आणि हादऱ्यांनी रिव्हेटची भोकं लांबट झाली होती. एक चाक खड्ड्यात गेलं की ट्रेलरची चौकट तिरकी पिळते. ते ३ मिलिमीटर तेवढ्यात सुटायचे.

दुसरं कारण मीच तयार केलेलं होतं. झाकण वर नीट टिकत नाही म्हणून मी ते उचलून धरणारे जुने २५० न्यूटन जोराचे गॅसचे दांडे काढून ४०० चे लावले होते. वर टिकायला ते उत्तम, पण माझ्या ट्रेलरमध्ये झाकण बंद असताना दांडा त्याला बाहेर ढकलतो. (काही ट्रेलरमध्ये तो उलट आत ओढतो. दांड्याची रेषा बिजागरीच्या कोणत्या बाजूने जाते त्यावर हे ठरतं, तुमचं आधी तपासा.) शिवाय आतला गॅस तापला की जोर वाढतो. २० अंशांवरून ५० अंशांवर गेलं की साधारण १० टक्के. झाकण दोन्ही वेळा भर दुपारीच उघडलं होतं, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

दुरुस्ती अशी केली. रिव्हेट काढून आतून ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आधाराला दिली आणि एम-६ (६ मिलिमीटरचे) बोल्ट व नायलॉन नटने (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) खिट्टीची समोरची पट्टी घट्ट बसवली. आता जीभ ९ मिलिमीटर आत जाते. दांडे ३०० चे आणले. झाकणाच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना ओढून आवळायच्या वेगळ्या कड्या लावल्या, प्रत्येकीला सुटू नये म्हणून पिन. मधली खिट्टी पूर्ण निसटली तरी झाकण या दोन कड्यांवर राहिलं पाहिजे, हाच हिशोब होता.

झाकणाच्या कडेची रबराची पट्टीही बदलली. जुनी दबून सपाट झाली होती, त्यामुळे झाकण खिट्टीतल्या खिट्टीत खडखडत होतं. कुठे दाब कमी आहे ते कागदाच्या चिठ्ठीने कळतं: चिठ्ठी ठेवून झाकण बंद करायचं आणि ओढायची. अलगद निघाली तर तिथे रबर टेकत नाही.

आठ महिन्यांत झाकण एकदाही उघडलं नाही. कच्च्या रस्त्यावरही नाही. तरी सगळं सुरळीत गेलं असं म्हणणार नाही. कोपऱ्यांच्या कड्या मी आधी रबरी घेतल्या होत्या. पाचव्या महिन्यात उन्हाने एकीला चिरा पडल्या, म्हणून आता स्टीलच्या, लांबी कमीजास्त करता येणाऱ्या आहेत. स्टीलचा बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला टेकत होता तिथे पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, दिसू लागली. मधे नायलॉनचे वॉशर घातल्यावर ती वाढलेली नाही. नायलॉन नट दोनतीनदा काढले-लावले की त्यांची पकड जाते, म्हणून उघडले की नवेच लावतो.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते एका छोट्या वस्तूने. झाकणाला चुंबक, चौकटीला चुंबकाने चालणारा स्विच, आणि वायर ओढून गाडीच्या डॅशबोर्डवर झाकण उघडलं की लागणारा लाल दिवा. सुरुवातीला दर खड्ड्याला दिवा लागायचा, कारण चुंबक आणि स्विच यांच्यात अंतर जास्त होतं. चुंबक जवळ सरकवला आणि ते थांबलं. आरशात झाकण दिसत नाही, हा दिवा दिसतो.

अजून एक बाकी आहे. माझी खिट्टी दोन टप्प्यांची आहे. पहिल्या खटक्याला ती अर्धीच लागते आणि तरीही बंद झाल्यासारखी वाटते. त्यामुळे आता दोन्ही हातांनी दोन्ही कोपरे दाबतो, दुसरा खटका ऐकतो, मगच पिना घालतो. घरच्यांनाही तेच शिकवलंय. पहिल्या थांब्यावर, साधारण २० किलोमीटरनंतर, उतरून कड्या पुन्हा हाताने हलवून पाहतो. नव्या रबराने आपली जागा घेतल्यावर दोन्ही कड्या अर्धा फेरा आवळाव्या लागल्या होत्या, डावी जरा जास्त. तिचं कारण मी अजून शोधतोय.