गव्हाचा ब्रेड की मैद्याचा?
उष्मांकांत दोन्ही जवळपास सारखेच, 100 ग्रॅममागे साधारण 250 ते 270. खरा फरक कोंड्यात आणि अंकुरात आहे. मैदा करताना हे दोन्ही काढून टाकतात आणि त्यांच्याबरोबर बरेचसे तंतू, मॅग्नेशियम, जस्त, ई जीवनसत्त्वही जातं. म्हणून संपूर्ण गव्हाच्या ब्रेडमध्ये 100 ग्रॅमला 6-7 ग्रॅम तंतू मिळतात, पांढऱ्यात जेमतेम अडीच. प्रथिनंही गव्हाच्यात थोडी जास्तच. पांढऱ्याच्या बाजूनं एक सांगायलाच हवं: अनेक देशांत मैद्यात लोह आणि फॉलिक आम्ल मिसळतात. मीठ दोन्हीत बरंच. मी गव्हाचाच घेते, पण घटकांच्या यादीत पहिलं नाव ‘संपूर्ण गव्हाचं पीठ’ आहे ना, हे बघूनच. नुसता तपकिरी रंग कॅरॅमलचाही असतो.