ई६-ई७, एल१ की पी१६? आयएचसीसाठी पहिली अँटिबॉडी निवडताना

सांगली-मिरज परिसरातील एखाद्या लॅबला गर्भाशयमुखाच्या बायोप्सीवर आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटिबॉडी वापरून ऊतीतील ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी) सुरू करायची असेल, तर कॅटलॉगमध्ये ‘एचपीव्ही’ (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू) शोधताच तीन प्रकारच्या अँटिबॉडीज समोर येतात: विषाणूच्या ई६ व ई७ या कर्ककारक प्रथिनांविरुद्धच्या, त्याच्या कवचातील एल१ प्रथिनाविरुद्धच्या आणि विषाणूच्या नव्हे, तर पेशीच्याच पी१६ प्रथिनाविरुद्धच्या. नावावरून पहिला प्रकार सर्वांत नेमका वाटतो, पण रोजच्या निदानात तोच अधिक दगा देतो.

पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनांपैकी ई६ हे पी५३ चा नाश घडवून आणते आणि ई७ हे आरबीला निकामी करते. तरीही पेशीत या दोहोंचे प्रमाण इतके अल्प असते की फॉर्मॅलिनमधून पॅराफिनमध्ये गेलेल्या ऊतीत त्यांचा रंग फिका येतो, आणि तो खरा की पार्श्वभूमीचा, यावर दोन पॅथॉलॉजिस्टचे एकमत होत नाही. शिवाय बहुतेक क्लोन (एकाच पेशीवंशातून मिळवलेल्या अँटिबॉडीज) एचपीव्हीच्या १६ किंवा १८ या प्रकारांपुरते असतात. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हे दोन प्रकार असले, तरी उरलेले रुग्ण आपल्याच लॅबमध्ये येणार असतात. ‘फक्त संशोधनासाठी’ असे कुपीवर छापलेले असेल, तर तिच्या आधारे रुग्णाचा अहवाल देऊ नये.

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने जेलवर वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) करणाऱ्या संशोधकासाठी मात्र याच अँटिबॉडीज योग्य ठरतात. एचपीव्ही-१६ साठी कास्की व सिहा आणि १८ साठी हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेला तुलनेचा नमुना) म्हणून चालतात. कास्कीत विषाणूच्या जनुकसंचाच्या शेकडो प्रती असतात, तर सिहात एक-दोनच, त्यामुळे अँटिबॉडीची संवेदनशीलता सिहावरच कळते. ई७ चे वजन हिशेबाने ११ किलोडाल्टन असले, तरी त्याची पट्टी जेलवर बरीच वर दिसते; नवख्या विद्यार्थ्याने ती चुकीची समजून ब्लॉट टाकून देऊ नये.

पी१६ चा मार्ग आडवळणाचा असला तरी भरवशाचा आहे. ई७ ने आरबीला बाजूला सारले की पी१६ वरचा लगाम सुटतो आणि विषाणूचा अतिजोखमीचा प्रकार कोणताही असो, पेशी पी१६ ने भरून जाते. केंद्रकात किंवा केंद्रक व पेशीद्रव या दोहोंत गडद, तळच्या थरापासून सलग वर चढणारा तपकिरी पट्टा दिसला, तरच निकाल पॉझिटिव्ह धरावा. तुटक ठिपके धरू नयेत. यातील प्रसिद्ध क्लोनचे नाव ई६एच४ असे आहे, आणि आमच्या रजिस्टरमध्ये ती कुपी बरेच दिवस ‘ई६’ याच सदरात नोंदलेली होती. त्या नावाचा ई६ प्रथिनाशी काहीही संबंध नाही.

कंट्रोलबाबत आणखी एक खाचखळगा आहे. सी-३३ए या पेशींत एचपीव्ही नसतो, पण त्यांचे आरबी मुळातच बिघडलेले असल्याने त्यांत पी१६ भरपूर असते. ई७ साठीचा हा उत्तम निगेटिव्ह कंट्रोल पी१६ साठी निरुपयोगी ठरतो. हेच कारण रुग्णाच्या गाठीतही लागू पडते. घशाच्या मागील भागातील गाठीत ७० टक्के पेशींची मध्यम ते गडद रंगछटा हा निकष मान्य आहे. परंतु मिश्री व तंबाखूमुळे आपल्याकडे वारंवार येणाऱ्या गालाच्या किंवा जिभेच्या गाठीत पी१६ पॉझिटिव्ह आले, म्हणून ती एचपीव्हीची गाठ आहे असे लिहिता येत नाही. तेथे ई६-ई७ च्या आरएनएची तपासणी बाहेर पाठवावी.

एल१ ची निर्मिती वरच्या थरांतील परिपक्व पेशींत होते आणि विकार वाढत गेला की ती थांबते. त्यामुळे पहिल्या खरेदीत एल१ च्या अँटिबॉडीचा विचार करू नये.

म्हणून निदानाच्या लॅबने आधी पी१६ घ्यावी. महिन्याला मोजकेच नमुने असतील, तर संहत द्रावणापेक्षा वापरायला तयार मिळणारी छोटी कुपी बरी, कारण संहत द्रावणाचे प्रमाण ठरवण्यातच बऱ्याच स्लाइड खर्ची पडतात. मागणी नोंदवण्यापूर्वी आपल्या कपाटातील किमान १० पॉझिटिव्ह व १० निगेटिव्ह ब्लॉक (पॅराफिनमध्ये जतन केलेले ऊतींचे तुकडे) पडताळणीसाठी बाजूला काढून ठेवावेत. एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईहून शनिवारी निघणारे पार्सल स्वीकारू नये: आमच्याकडे असेच एक पार्सल सोमवारी उघडले, तेव्हा बर्फाच्या पिशव्या कोमट झाल्या होत्या.