जिनसेंग, कीडाजडी की हरणाचं शिंग? चिनी ‘ताकदीची’ औषधं घ्यायच्या आधी

शिलाजित आणि सफेद मुसळीच्या शेजारी ऑनलाइन दुकानांत आता चिनी मंडळीही येऊन बसली आहेत: लाल जिनसेंग, हॉर्नी गोट वीड, कॉर्डिसेप्स म्हणजेच कीडाजडी, हरणाच्या शिंगाची पूड. डब्यांवर मजकूर साधारण एकच असतो, जोम, स्टॅमिना, पुरुषत्व. आत मात्र चार अगदी वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांच्यामागचा पुरावाही सारखा नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे घालायचेच असतील तर लाल जिनसेंगवर घाला. बाकीच्या तिघांवर घालण्यासारखं मला काही सापडलं नाही.

आधी चिनी वैद्यकाची बाजू. त्यांच्या हिशेबात प्रजनन आणि कामेच्छा ‘शेन’ म्हणजे मूत्रपिंडाच्या ताब्यात असतात, पण तक्रार दोन तऱ्हेची असू शकते. यांग म्हणजे शरीरातली उष्ण बाजू, यिन म्हणजे थंड बाजू. यांग कमी पडलेल्या माणसाचे हातपाय गार, कंबर-गुडघे ढिले, रात्री लघवीला उठणं वारंवार, इच्छा मंद. यिन कमी पडलेल्याला उलट अंगात कढ, रात्री घाम, घशाला कोरड. पहिल्याला उष्ण औषध देतात. तेच दुसऱ्याला दिलं तर वैद्याच्या मते त्रास वाढतो. आयुर्वेदात वाजीकरणाआधी प्रकृती बघतात, तसंच हे. ‘लिऊ वेई दी हुआंग’ ही सहा औषधांची गोळी आज चीनमध्ये कंबरदुखीवाले पुरुष सर्रास घेतात. ती मुळात बालवैद्य छ्येन यी यांची. १११९ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात ती लहान मुलांसाठी आहे. मोठ्यांच्या जुन्या गोळीतली दालचिनी आणि बचनाग ही दोन उष्ण द्रव्यं त्यांनी काढून टाकली. आता मोठी माणसंच ती ‘पुरुषांची’ म्हणून मागतात. तेव्हा डब्यावर नुसतं ‘फॉर मेन’ लिहिलेलं औषध चिनी वैद्याच्या लेखीही अर्धवटच.

लाल जिनसेंग

जिनसेंगचं ताजं मूळ वाफवून वाळवलं की ते तांबूस होतं, तेच लाल जिनसेंग. चीनच्या ईशान्येला जीलिन प्रांतात आणि कोरियात त्याची शेती होते. चांगल्या कोरियन मुळाला सहा वर्षं जमिनीत ठेवतात. गंमत म्हणजे जुन्या ग्रंथांत ते मुख्यतः थकवा, श्वास आणि पचनासाठी आहे. लैंगिक औषध म्हणून त्याची कीर्ती तुलनेने नवी.

पुरावा मात्र या चौघांत त्याच्याच बाजूने सर्वांत जास्त. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कोरियन चाचणीत ४५ पुरुषांना ९०० मिलिग्रॅम लाल जिनसेंग दिवसातून तीनदा, आठ आठवडे दिलं. खोट्या गोळीपेक्षा ताठरतेत फरक दिसला. लोक इथेच थांबतात आणि जाहिरात लिहायला घेतात. पुढे २०२१ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने ९ चाचण्या आणि ५८७ पुरुषांची माहिती एकत्र तपासली. प्रमाणित प्रश्नावलीवर फरक नगण्य निघाला. ‘जमतं का’ या प्रश्नावर पुरुषांनी स्वतः दिलेली उत्तरं थोडी सुधारली. पुराव्याचा दर्जा कमी, हेही त्यांनीच नोंदवलं. थोडक्यात, सौम्य तक्रारीत कदाचित थोडा उपयोग.

आणि मात्रा? आपल्याकडे मेडिकलमध्ये मल्टिव्हिटॅमिनसोबत जिनसेंग असलेल्या कॅप्सूल मिळतात. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. कित्येकांत जिनसेंगचा अर्क ४२.५ मिलिग्रॅम असतो. चाचणीत दिवसाला २७०० मिलिग्रॅम पूड होती. अर्क आणि पूड एकास एक मोजता येत नाहीत हे खरं, तरी एवढ्याशा चिमटीकडून अपेक्षा ठेवू नये.

त्रास: झोप उडणं, डोकेदुखी, पोट बिघडणं. साखर खाली जाऊ शकते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी तर नकोच, जिनसेंग त्याचा परिणाम कमी करू शकतं.

हॉर्नी गोट वीड

याचं चिनी नाव यिन यांग हुओ. हा पाला खाऊन बोकड माजावर आले असं गुराख्यांनी पाहिल्याची कथा आहे. पाचव्या-सहाव्या शतकातले वैद्य थाओ होंगजिंग यांच्या नावावर ती सांगतात. चीनमध्ये हा पाला मेंढीच्या चरबीत परतून वापरतात, १०० किलो पाल्याला २० किलो चरबी. रोजची मात्रा ६ ते १० ग्रॅम, बहुतेकदा काढ्यात आणि इतर औषधांच्या जोडीला. शाकाहारी घरात ही माहिती असावी.

त्यातलं इकॅरिन हे द्रव्य प्रयोगशाळेत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) ज्या एन्झाइमला अडवतं त्यालाच अडवतं, म्हणून त्याला ‘हर्बल व्हायग्रा’ म्हणायची चाल पडली. पण त्याचा जोर सिल्डेनाफिलच्या मानाने फारच कमी, आणि तोंडावाटे घेतलं तर रक्तात नीट पोचतही नाही. माणसांवरच्या भक्कम चाचण्या नाहीत. चौघांत नावाने सर्वांत पुढे, पुराव्याने खूप मागे.

कीडाजडी आणि शिंग

कॉर्डिसेप्स म्हणजे सुरवंटाच्या अंगातून उगवणारी बुरशी. तिबेटच्या पठारावर आणि आपल्याकडे उत्तराखंडात पिथोरागड, चमोलीच्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मे-जूनमध्ये लोक गुडघ्यांवर रांगत ती शोधतात. भाव किलोला लाखांत. १९९३ मध्ये चिनी धावपटू मुलींनी विक्रमांचा धडाका लावला तेव्हा प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय कीडाजडी आणि कासवाच्या रक्ताला दिलं. डोपिंगचा संशय तेव्हापासून गेलेला नाही, पण जाहिरात फुकटात झाली. लैंगिक तक्रारीसाठी पुरावा तोकडाच. त्यात २०१६ मध्ये चीनच्याच औषध प्रशासनाने इशारा दिला की तपासलेल्या मालात आर्सेनिक किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आहे. आरोग्य-खाद्यांची मर्यादा १ मिलिग्रॅम. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी नारिंगी कॉर्डिसेप्स ही प्रयोगशाळेत वाढवलेली वेगळी जात. ती वाईट असं नाही, पण कीडाजडीच्या कथा सांगून ती विकू नये.

हरणाच्या कोवळ्या शिंगाबद्दल फार बोलायला नको. न्यूझीलंडमध्ये पुरुषांवर नीट चाचणी झाली, २००३ मध्ये निकाल आला, खोट्या गोळीपेक्षा काही सरस दिसलं नाही. शिवाय इथल्या जंगली हरणांच्या शिंगांचा व्यापार वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

बायकांसाठी दांग ग्वेई

हे मूळ पाळीच्या तक्रारींसाठी वापरतात. कामेच्छेचं औषध म्हणून ते खपवणं ही नंतरची कल्पना. रजोनिवृत्तीच्या त्रासावर १९९७ मध्ये ७१ स्त्रियांवर २४ आठवडे चाचणी झाली, रोज ४.५ ग्रॅम, फरक नाही. चिनी वैद्यांचा आक्षेप असा की ते एकटं देतातच कुठे? आक्षेप रास्त आहे, पण मग एकट्या कॅप्सूलवर पैसे घालायचं कारणही उरत नाही. वॉर्फरिनसोबत हे घेतलं तर रक्तस्रावाची भीती, आणि गरोदरपणात टाळायचं.

खरी भीती भेसळीची

ज्या ‘हर्बल’ गोळीने अर्ध्या तासात काम होतं, तिच्यात बहुधा सिल्डेनाफिल किंवा त्याचा भाऊबंद असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अशी उत्पादनं पुनःपुन्हा पकडली आहेत. छातीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब यात धोकादायक खाली येऊ शकतो. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० जण साखर एकदम घसरून रुग्णालयांत दाखल झाले, त्यांपैकी ४ दगावले. लैंगिक शक्तीच्या बेकायदा गोळ्यांत मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड सापडलं. हे लोक चुकीची जडीबुटी घेत नव्हते, जडीबुटीच्या नावाखाली औषध घेत होते.

म्हणून क्रम असा ठेवा. ताठरतेची तक्रार काही आठवडे टिकली, तर आधी उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड आणि बीपी बघा. जननेंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे हृदयाचा बिघाड कित्येकदा तिथे आधी दिसतो. इच्छाच कमी असेल तर सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन तपासा, आणि बीपीच्या किंवा नैराश्याच्या चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. हे सगळं ठीक निघालं, तक्रार सौम्य असली आणि तरीही हौस असली, तर मुळाचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलेलं लाल जिनसेंग सकाळी घ्या, आठ आठवडे, सोबत दुसरं काही नवं सुरू न करता. फरक वाटला नाही तर दुसरी डबी आणू नका.

सिंगापूरला राहणाऱ्या आपल्या माणसांना आणखी एक वाट आहे. तिथे चिनी वैद्यांची कायद्याने नोंदणी होते. असा वैद्य जीभ-नाडी बघून मिश्रण लिहून देईल, ते ऑनलाइन डब्यापेक्षा नक्कीच बरं. फक्त ‘हे शौ वू’ नावाचं मूळ लिहिलं असेल तर यकृताच्या चाचण्यांबद्दल विचारा. केसांसाठी आणि ‘तारुण्या’साठी देतात ते हेच, आणि त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.