पासष्ट हजारांची फाइल: फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या अर्जासाठी घेतलेली समुपदेशन सेवा

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरून पाच मिनिटे चालले, तरी परदेशी शिक्षणाच्या समुपदेशनाची एखादी पाटी दिसतेच. अशाच एका कार्यालयाची सेवा मी सुमारे अकरा महिने घेतली. त्याचे नाव येथे देत नाही, कारण ज्या दोघांनी माझी फाइल हाताळली ते आता तेथे नाहीत. शिवाय त्याच वर्षी इतरत्र फाइल दिलेल्या मैत्रिणींचे अनुभव ऐकल्यावर हे गुणदोष त्या एका कार्यालयापुरते असावेत असे वाटत नाही. मी मेकॅनिकलची पदवीधर आहे, पदवीनंतर दोन वर्षे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली आणि अमेरिकेतील फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या, म्हणजे गणित आणि प्रोग्रॅमिंग वापरून वित्तीय व्यवहारांचे मोल आणि जोखीम मोजण्याच्या विषयाच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सात अर्ज केले. सात अर्जांच्या पॅकेजचे शुल्क ₹65,000 होते. 18 टक्के जीएसटी धरून ₹76,700. विद्यापीठांची अर्जशुल्के अर्थातच वेगळी.

आधी जे चांगले होते ते सांगते. कागदपत्रांच्या बाबतीत हे कार्यालय चोख होते. सातही अर्जांच्या अंतिम तारखा, कोणत्या विद्यापीठाला गुणपत्रकांच्या केवळ प्रती चालतात आणि कोणाला अधिकृत ट्रान्सक्रिप्ट लागते, बँकेच्या पत्राचा मजकूर कसा असावा, हे सर्व त्यांनी एका तक्त्यात मांडून दिले आणि तो तक्ता दर आठवड्याला अद्ययावत केला. दहापैकी मिळालेली सीजीपीए आपल्या मनाने चारच्या पट्टीत बदलून लिहू नये, विद्यापीठाने तसे मागितले असेल तरच बदलावी, हा त्यांचा सल्लाही योग्य होता. माझ्या ओळखीच्या एकाने ही चूक केली होती आणि नंतर खुलासे पाठवता पाठवता त्याच्या नाकी नऊ आले.

अडचण सुरू झाली ती विद्यापीठांच्या यादीपासून. या विषयाला अमेरिकेत एकच नाव नाही. बर्कली आणि बरूक ही विद्यापीठे त्याला फायनान्शियल इंजिनिअरिंग म्हणतात, कार्नेगी मेलन कॉम्प्युटेशनल फायनान्स म्हणते, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कुरांट संस्थेत तो मॅथेमॅटिक्स इन फायनान्स होतो, तर प्रिन्स्टनमध्ये नुसता मास्टर इन फायनान्स. माझ्या समुपदेशकाने संगणकावर ‘फायनान्शियल इंजिनिअरिंग’ एवढेच शोधून यादी केली असावी, कारण पहिल्या यादीत कार्नेगी मेलन आणि कुरांट नव्हतेच. कोलंबिया होते, परंतु तेथे अभियांत्रिकी शाखेचा फायनान्शियल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम वेगळा आणि मॅथेमॅटिक्स ऑफ फायनान्सचा वेगळा, हे त्यांना ठाऊक नव्हते. एकाचे नाव आणि दुसऱ्याची अंतिम तारीख अशी त्यांनी सांगड घातली होती. बर्कलीचा अभ्यासक्रम इतरांप्रमाणे ऑगस्टच्या सुमारास नव्हे, तर मार्चमध्ये सुरू होत आला आहे आणि त्यामुळे त्याचे वेळापत्रकच निराळे असते, हेही मलाच दाखवून द्यावे लागले. तक्ता इतका नीटनेटका होता की या चुका त्यात शोभून दिसत होत्या.

याहून महत्त्वाची गोष्ट गणिताची. या अभ्यासक्रमांना बहुचल कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, विकल समीकरणे, संभाव्यता आणि प्रोग्रॅमिंग, विशेषतः सी-प्लस-प्लस किंवा पायथन, यांची तयारी हवी असते, आणि ती आहे हे कागदावर दिसावे लागते. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या गुणपत्रकात मात्र ‘अभियांत्रिकी गणित 1’, ‘2’ आणि ‘3’ एवढेच छापलेले असते. न्यूयॉर्कमध्ये बसून अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला एम-थ्रीच्या पोटात संभाव्यतेची वितरणे आणि आंशिक विकल समीकरणे दडलेली आहेत हे कळणार कसे? मी प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाचा तीन-चार ओळींचा तपशील असलेले एक पान तयार केले आणि जेथे जोडण्याची सोय होती तेथे जोडले. कार्यालयाचे म्हणणे होते की याची गरज नाही, त्याऐवजी जीआरई ही प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यावी, कारण क्वांटमध्ये, म्हणजे तिच्या गणिताच्या भागात, माझे 167 होते आणि 170 असते तर फाइल ‘उठून दिसली’ असती. सप्टेंबर 2023 पासून दोन तासांहूनही थोड्या कमी वेळाची झालेली ही परीक्षा क्वांटमध्ये शालेय पातळीचेच गणित तपासते. ते तीन गुण मिळाले असते तर मलाही आवडलेच असते, परंतु संभाव्यतेचा एक पद्धतशीर कोर्स करून त्यात उत्तम श्रेणी मिळवणे अर्जाला जास्त बळ देते, असे माझे ठाम मत आहे. बरूकच्या अभ्यासक्रमाशी जोडलेला सी-प्लस-प्लसचा ऑनलाइन कोर्स क्वांटनेट या संकेतस्थळावर आहे आणि बरूकची स्वतःची गणिताची पूर्वतयारीची सत्रेही असतात. या दोन्हींचे नाव माझ्या समुपदेशकाने प्रथम माझ्याच तोंडून ऐकले.

आता एसओपी, म्हणजे अर्जासोबत जोडायचे उद्देशाचे निवेदन. त्यांनी मला एक प्रश्नावली दिली, मी चौदा पाने उत्तरे लिहिली आणि दहा दिवसांनी मसुदा आला. त्याचे पहिले वाक्य असे होते की, लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून वर्तमानपत्रातील शेअरचे भाव पाहताना माझ्या मनात अर्थजगताविषयी कुतूहल जागे झाले. माझ्या वडिलांनी आयुष्यात पोस्टाच्या मुदतठेवीपलीकडे कशात पैसे गुंतवलेले नाहीत.

खरी खटकलेली गोष्ट पुढेच होती. मी प्रश्नावलीत एका प्रकल्पाविषयी सविस्तर लिहिले होते. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीला खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क देणारा करार. निफ्टी या शेअर निर्देशांकाचे ऑप्शन युरोपीय पद्धतीचे, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशीच वापरता येणारे असल्याने त्यांना किंमत काढण्याचे ब्लॅक-शोल्सचे सूत्र सरळ लावता येते. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून भाव उतरवून घेऊन त्यांतून गर्भित अस्थिरता, म्हणजे पुढे भाव किती हेलकावतील याचा त्या किमतीत दडलेला अंदाज, काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. उताराच्या आधारे अंदाज सुधारत नेणारी न्यूटन-राफसनची पद्धत बाजारभावाजवळच्या ऑप्शनसाठी दोन-तीन फेऱ्यांत उत्तर देत होती, परंतु फार दूरच्या स्ट्राइकवर, म्हणजे करारातील ठरलेली किंमत बाजारभावापासून फार लांब असेल तेथे, भलतीकडेच उडी मारत होती. कारण तेथे अस्थिरता बदलली तरी ऑप्शनची किंमत जवळजवळ हलत नाही, आणि त्या अतिसूक्ष्म उताराने भागल्यावर पुढची पायरी प्रचंड मोठी होते. अशा ठिकाणी मी उत्तर ज्या दोन संख्यांच्या दरम्यान आहे ते अंतर दर वेळी दुभागत जाण्याची संथ, पण न चुकणारी पद्धत वापरली. हा सगळा परिच्छेद ‘फार तांत्रिक’ असा शेरा मारून वगळण्यात आला होता, आणि त्याच्या जागी मी सोसायटीच्या गणेशोत्सवात वर्गणीचा हिशेब ठेवला होता यावरून माझ्या नेतृत्वगुणांचे सात ओळींचे वर्णन आले होते. मेकॅनिकलची पार्श्वभूमी तर त्यांनी जणू काही दोष असावा तशी एका वाक्यात उरकली होती. वास्तविक 1973 साली प्रसिद्ध झालेले ब्लॅक-शोल्सचे समीकरण योग्य चलबदल केल्यावर उष्णतावहनाचेच समीकरण होते, आणि ते समीकरण मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने संख्यात्मक पद्धतीने कितीदा तरी सोडवलेले असते. फायनान्सकडे वळण्याचे माझ्याजवळ याहून खरे कारण नव्हते.

दुसरा आणि तिसरा मसुदाही त्याच वळणाचा आल्यावर मी निवेदन स्वतः लिहिले. कार्यालयाने त्यातील इंग्रजीच्या चुका मात्र मनापासून दुरुस्त केल्या, हे नमूद करायला हवे.

शिफारसपत्रांबाबत दोष सगळा त्यांचा नाही. आपल्याकडे ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य प्राध्यापकांच्या खोलीत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की कार्यालयांनी त्यावर एक सेवाच उभी केली आहे. मला तीनही पत्रे तयार मिळाली आणि तिन्हींत ‘तिच्या जिज्ञासू वृत्तीने मी प्रभावित झालो’ हे वाक्य होते. मी ती बाजूला ठेवली आणि ज्या सरांकडे अंतिम वर्षाचा प्रकल्प केला होता त्यांना त्या प्रकल्पातील चार ठळक प्रसंगांचे टिपण नेऊन दिले. पत्र त्यांनी स्वतः लिहिले. विद्यापीठांकडून येणारी लिंक संस्थेच्या अधिकृत ईमेलवर येते, आणि सरांनी तो ईमेल कित्येक महिने उघडलेला नव्हता. त्याचा पासवर्ड मिळवण्यात गेलेले चार दिवस कोणत्याही तक्त्यात धरलेले नव्हते.

मुलाखतीच्या सरावाबद्दल थोडक्यात सांगते. कार्यालयात मला ‘पाच वर्षांनी स्वतःला कोठे पाहता’ असे विचारण्यात आले. प्रत्यक्ष मुलाखतीत पहिलाच प्रश्न असा आला, की लागोपाठ दोन छापे पडेपर्यंत नाणे सरासरी किती वेळा उडवावे लागेल. उत्तर सहा आहे, पण त्यांना उत्तरापेक्षा मी ते समीकरण मांडून कसे काढते हे पाहायचे होते. हा सराव मी एका मित्राबरोबर रोज रात्री अर्धा तास केला, कार्यालयाच्या चार सत्रांचा त्यात काही वाटा नाही.

सातपैकी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. त्यानंतर मात्र हेच कार्यालय पुन्हा उपयोगी पडले. आय-20 साठी, म्हणजे व्हिसाकरिता विद्यापीठाकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, लागणारा निधीचा पुरावा, शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र, डीएस-160 या व्हिसा अर्जातील बारकावे, व्हिसाच्या मुलाखतीची तयारी, यांपैकी कशातही एक चूक झाली नाही. अभ्यासक्रम स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित, या गटात मोडत असेल तर पदवीनंतरच्या 12 महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी 24 महिने जोडता येतात, हे पाहूनच दोनांपैकी एक निवडा, हा सल्ला त्यांनी वेळेवर दिला आणि तो माझ्या कामी आला.

म्हणून संपूर्ण पॅकेजला मी पाचपैकी अडीच तारे देते. याच कार्यालयात केवळ कागदपत्रे आणि व्हिसा यांचे स्वतंत्र पॅकेज निम्म्याहून कमी शुल्कात मिळते, ही गोष्ट मला पैसे भरल्यानंतर समजली. त्याला मी साडेचार दिले असते. संपूर्ण पॅकेज घेण्याचा विचार असेल, तर पहिल्याच विनामूल्य बैठकीत समोरच्या व्यक्तीला कोलंबियाच्या त्या दोन अभ्यासक्रमांतील फरक विचारावा, आणि उत्तरासाठी संगणकाकडे हात गेला तर चेकबुक पिशवीतच राहू द्यावे.