दोन नळ्या की तीन, आणि ओढणार कोण? पाँटून बोट आणि गाडी एकत्र निवडताना

पाँटून बोट (बंद नळ्यांवर तरंगणारी, सपाट आणि रुंद डेकची बोट) घ्यायची ठरली की पहिले काही आठवडे सगळं लक्ष बोटीकडेच असतं. सोफा कसा आहे, सावलीचं छत किती मोठं, पोहायला उतरायची शिडी कुठे आहे. गाडीचा विषय निघतो तो अगदी शेवटी, कागदावर सही करता करता. विकणारा म्हणतो, "तुमची गाडी पाच हजार पौंड ओढते ना? मग झालं!" इथे फसगत होते. बोट, ट्रेलर (गाडीमागे बोट ओढून न्यायचा चाकांचा सांगाडा) आणि गाडी यांचा हिशोब पहिल्या दिवशीच एका कागदावर मांडायला हवा, आणि त्या कागदाच्या डोक्यावर एकच प्रश्न हवा: वर्षातून किती वेळा ओढणार?

तलावाकाठी घर किंवा धक्क्यावर जागा असलेले लोक बोट वसंतात पाण्यात सोडतात आणि शरदात बाहेर काढतात. वर्षातून दोन खेपा. त्यांनी गाडीच्या भीतीने बोट लहान घेऊ नये. दोन खेपांसाठी दणकट पिकअप भाड्याने मिळतो (भाडेकरारात ट्रेलर ओढायची परवानगी आहे की नाही, तेवढं वाचून घ्यावं) किंवा बोटीच्या दुकानाची माणसंच ने-आण करतात. दर शनिवारी घराच्या अंगणातून बोट काढून तासभर लांबच्या तलावावर नेणाऱ्यांचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे. त्यांच्यासाठी गाडी आधी आणि बोट नंतर. पुढची सगळी तुलना मुख्यतः त्यांच्यासाठी.

दोन नळ्या, तीन नळ्या

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रिचमंडजवळ अँब्रोज वीअर्स यांनी लोखंडी पिंपं एकमेकांना जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी तक्तपोशी ठोकली. आजची पाँटून मुळात तीच आहे. पिंपांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या बंद नळ्या आल्या, बहुतेक २३ ते २७ इंच व्यासाच्या. सपाट तळ, रुंद डेक, आणि एका बाजूला सगळे गोळा झाले तरी फारशी न कलणारी बोट. हा तिचा गुण दोन नळ्यांतही पुरेपूर मिळतो.

तिसरी नळी आली की बोटीचा स्वभाव बदलतो. जास्त वजन उचलता येतं, मोठं इंजिन लावता येतं, आणि नळ्यांवर वेग घेताना वर उचलणाऱ्या पट्ट्या असतील तर वळणावर बोट आतल्या बाजूला झुकते, एखाद्या स्पीडबोटीसारखी. दोन नळ्यांची बोट जोरात वळवली तर ती सपाट राहते किंवा किंचित बाहेर कलते. वाऱ्याने लाटा उठणाऱ्या मोठ्या तलावावर हा फरक पाठीला आणि कमरेला जाणवतो. शांत, छोट्या तलावावर तो जवळजवळ जाणवत नाही.

इंजिनचंही तसंच. २० फुटी, दोन नळ्यांच्या बोटीला ६० ते ९० अश्वशक्ती पुरते. मुलांना मागे हवेच्या गोल ट्यूबवर बसवून ओढायचं असेल तर ९० ते ११५ घ्यावी. वॉटर स्कीइंग मनापासून करायचं असेल, बोटीवर दहा-बारा माणसं असतील, तर तीन नळ्या आणि १५० च्या वरचं इंजिन. दोन नळ्यांच्या बोटीला भलतं मोठं इंजिन लावून तीन नळ्यांचा आनंद मिळत नाही, आणि बोटीवरच्या पाटीवर लिहिलेली कमाल अश्वशक्ती ओलांडणं हा तर धोकाच. उलट चूकही तितकीच वाईट: तीन नळ्यांच्या जड बोटीला स्वस्तात पडावं म्हणून ९० चं इंजिन. ती बोट आयुष्यभर धापा टाकत राहते.

ज्यांचं बोटिंग म्हणजे संध्याकाळी आई-वडिलांना आणि मुलांना घेऊन संथ फेरी, थोडं पोहणं, थोडी मासेमारी, त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे की २० ते २२ फुटी, दोन नळ्यांची, ९० किंवा ११५ ची बोट घ्या आणि निश्चिंत व्हा. तिसऱ्या नळीचे पैसे तुम्ही एकदा बोटीत भरता, मग ट्रेलरमध्ये, मग गाडीत, आणि मग दर खेपेला पेट्रोलमध्ये.

काट्यावर काय येतं

माहितीपत्रकात जे वजन छापतात ते बहुतेक वेळा कोरड्या बोटीचं असतं. इंजिन नाही, इंधन नाही, बॅटरी नाही, ट्रेलर तर नाहीच. म्हणून खरा हिशोब करून पाहू. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या मॉडेलचे त्यात भरा.

२० फुटी, दोन नळ्यांची बोट: १९०० पौंड. ११५ चं इंजिन ३६० च्या आसपास. ट्रेलर १०००. पंचवीस गॅलन पेट्रोल, दर गॅलनला सुमारे ६ पौंड धरून १५०. बॅटरी ५०. नांगर, दोर, लाइफ जॅकेटं, मागे ओढायची हवेची ट्यूब, बर्फ भरलेला कूलर आणि निघता निघता "हेही राहू दे" म्हणून टाकलेलं सामान मिळून २५०. बेरीज ३७१०.

तीन नळ्यांची, २३ फुटांच्या पुढची बोट: २९०० पौंड. २०० चं व्ही-६ इंजिन ४७५. तीन नळ्यांचा ट्रेलर १४००. पंचेचाळीस गॅलन पेट्रोल २७०. दोन बॅटऱ्या १००. सामान ३५०. बेरीज ५४९५.

म्हणजे माहितीपत्रकात "१९०० पौंड" वाचून ३५०० पौंडांची मर्यादा असलेली गाडी आरामात चालेल असं वाटलं होतं, ती पहिल्याच बोटीला कमी पडली. आणि "२९०० म्हणजे पाच हजारांच्या कितीतरी आत" म्हणणारा माणूस रस्त्यावर पाचशे पौंडांनी बाहेर गेला.

पाच हजारांची गाडी खरंच पाच हजारांची असते का?

गाडी निवडताना लोक एकच आकडा बघतात, ओढण्याच्या कमाल क्षमतेचा. हा आकडा काढायची अमेरिकेतली सर्वमान्य पद्धत म्हणजे एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ हे मानक. तिच्यात गाडीत पुढे दोन माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमच्या गाडीत शनिवारी किती माणसं असतात?

ट्रेलरच्या दांडीचा जो भार हिचवर (गाडीच्या मागच्या जोडावर) पडतो, त्याला टंग वेट म्हणतात. तो एकूण वजनाच्या साधारण १० टक्के तरी हवा. फार कमी असेल तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, फार जास्त झाला तर गाडीचं मागचं टोक बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. हा भार गाडीच्या पोटातच मोजला जातो, माणसं आणि सामान यांच्या बरोबरीने. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी पाटी असते. माणसं आणि सामान मिळून गाडी किती पौंड वाहू शकते ते तिच्यावर लिहिलेलं असतं. समजा तिथे १३५० आहे. पाच माणसांचे ८००, टंग वेट ३७०, मागच्या डिकीत १५०. झाले १३२०. ३७१० पौंडांची बोट पाच हजारांच्या गाडीला लावली आणि गाडीचं पोट जवळपास भरलं. तीन नळ्यांच्या बोटीचं ५५० धरलं तर ते कधीच फुटलं.

मी स्वतः नियम पाळतो तो असा: भरलेला ट्रेलर गाडीच्या कमाल क्षमतेच्या तीन चतुर्थांशाच्या आत हवा. हा काही कायदा नाही. डोंगराचा चढ, उन्हाळ्याची दुपार आणि समोरून येणारा वारा यांच्यासाठी ठेवलेली ती जागा आहे.

वाऱ्याचा मुद्दा पाँटूनच्या बाबतीत विशेष मोठा आहे. ट्रेलरवर चढवलेली पाँटून म्हणजे चाकांवरची खोली. चारही बाजूंनी कठडा आणि आत सोफे. मासेमारीची निमुळती बोट तितक्याच वजनाची असली तरी हवा कापत जाते, ही हवेला थोपवत जाते. आणि दोन नळ्या असोत की तीन, रुंदी बहुधा तीच साडेआठ फूट, म्हणजे हवेला दिसणारं तोंड जवळपास सारखंच. त्यामुळे हलकी पाँटूनसुद्धा छोट्या इंजिनाच्या गाडीला महामार्गावर दमवते. तिचा गिअरबॉक्स सारखा खाली-वर होतो आणि तापतो. (सावलीचं छत मिटून, कापडी पिशवीत घालून घट्ट बांधल्याशिवाय रस्त्यावर निघू नका, आणि सुट्या गाद्या गाडीत ठेवा.)

गाड्या शेजारी-शेजारी

होंडा पायलट किंवा टोयोटा हायलँडर या वर्गातली तीन रांगांची गाडी अनेकांच्या दारात आधीच असते. यांची क्षमता ५००० पौंड, पण सरसकट नाही. पायलट चारही चाकांना जोर देणारी असेल तरच ५०००, नुसती पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर ३५००. हायलँडरची हायब्रिड ३५०० वर थांबते. एकाच नावाच्या दोन गाड्यांत दीड हजार पौंडांचा फरक! आपली कोणती आहे ते गाडीच्या पुस्तकात बघा, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. माझ्या मते हा वर्ग १८ ते २० फुटी, दोन नळ्यांच्या बोटीसाठी, तासाभराच्या सपाट रस्त्यासाठी आणि गाडीत चारच माणसं असताना योग्य. त्यापुढे नाही.

जीप ग्रँड चेरोकी व्ही-६ सारखी गाडी ६२०० पर्यंत जाते. टोयोटा टकोमा, शेव्हरले कोलोरॅडो यांसारखे मधल्या आकाराचे पिकअप योग्य इंजिन आणि टो पॅकेज (ओढण्यासाठीची जास्तीची जोडणी) असेल तर सहा ते साडेसात हजारांच्या घरात. २२ फुटी, दोन नळ्यांच्या बोटीची ही नैसर्गिक जोडी. दर आठवड्याला ओढणाऱ्या कुटुंबासाठी मला हाच मेळ सगळ्यात समंजस वाटतो. एक खोट आहे: मधल्या पिकअपच्या मागच्या सीटवर मोठी मुलं दोन तास खूश राहत नाहीत.

तीन नळ्यांची बोट नियमित ओढायची असेल तर फोर्ड एफ-१५० च्या वर्गाचा पूर्ण आकाराचा पिकअप किंवा शेव्हरले टाहोसारखी मोठी गाडी. पिकअपमध्ये इंजिन, मागच्या आसातलं गिअरचं गुणोत्तर आणि केबिन बदललं की क्षमतेचा आकडा हजारो पौंडांनी बदलतो. म्हणून विकत घेताना मॉडेलचं नाव पुरत नाही. समोर उभ्या असलेल्या त्याच गाडीच्या पुस्तकातला ओढण्याचा आकडा आणि दाराची पाटी, दोन्ही वाचायचं.

विजेवरच्या गाड्यांना ताकद भरपूर असते, पण असं रुंद तोंड मागे लावलं की एका चार्जमधलं अंतर जवळपास निम्म्यावर येतं. तलाव चाळीस मैलांवर असेल तर काही बिघडत नाही.

रॅम्प

रस्त्यावर चालून गेलेली गाडी रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) हरते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. उतार, ओलं काँक्रीट, पाण्याच्या रेषेजवळ शेवाळ. बोट ट्रेलरवर चढवून वर यायच्या क्षणी सगळा भार मागे झुकतो आणि गाडीचं नाक हलकं होतं. जोर नेमका पुढच्या चाकांना असेल तर ती जागेवर गरगर फिरतात. ट्रेलर ओढायला चारही चाकांचा जोर खरा कामाला येतो तो इथे.

त्यातच बोटीच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. गाडी थांबली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात. पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरला ही पद्धत सोयीची आहे, पण रॅम्पवर ट्रेलर ढकलत नाही, खाली ओढत असतो. तिथे तुम्हाला धरून ठेवतात ते फक्त गाडीचे स्वतःचे ब्रेक आणि तिचं स्वतःचं वजन.

ट्रेलर

यात फार घोळ घालू नये. कात्रीसारखा वर उचलणारा ट्रेलर स्वस्त, हलका, अंगणात ठेवायला आटोपशीर. पण त्याची चाकं जवळ-जवळ असतात, बोट उंच बसते आणि बाजूच्या वाऱ्यात डोलते. शिवाय मधली नळी त्याच्या आड येते, त्यामुळे तीन नळ्यांसाठी तो सहसा चालत नाही. नळ्यांखाली लांब फळ्या देणारा बंक ट्रेलर रुंद आणि खाली बसलेला असतो. गावातल्या गावात ने-आण असेल तर पहिला, महामार्ग असेल तर दुसरा. दोन आसांचा घ्या. एक टायर फुटला तरी बाकीची चाकं बोट सावरून धरतात. ब्रेकही घ्याच. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांच्या वर ते सक्तीचे आहेत, काही ठिकाणी त्याच्या बरेच आधी.

हिच 'क्लास ३' म्हणून विकला जाणारा, दोन इंची चौकोनी खोबणीचा असावा. हिचवर, बॉलवर (ट्रेलरची दांडी ज्यावर बसते त्या गोळ्यावर) आणि दांडीच्या टोकाला प्रत्येकावर आपापली मर्यादा कोरलेली असते. तिघांतला सगळ्यात छोटा आकडा तोच तुमचा आकडा.

बोट घरी आली की एकदा सगळं सामान, इंधन आणि माणसं भरून ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर जा. गाडीची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर, तिन्हींचं वजन वेगवेगळं मिळतं. मग ट्रेलर बाजूला लावून, तीच माणसं बसलेली नुसती गाडी पुन्हा तोला. गाडीखालच्या दोन आकड्यांची पहिल्या खेपेची बेरीज दुसऱ्या खेपेपेक्षा जितकी जास्त, तितका टंग वेट. तो कमी भरला तर कूलर आणि नांगर पुढे सरकवा, जास्त भरला तर मागे. सरकवूनही भागत नसेल तर ट्रेलरवरचा विंचचा (बोट ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब हलवावा लागतो, आणि ते काम दुकानातून बोट घेतानाच फुकटात करून मागावं.