कालनिर्णय २०२६ : चौकटीत काय छापलंय आणि ते कसं वाचायचं

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं कालनिर्णय आजही दुधाच्या हिशोबापासून संकष्टीपर्यंत सगळं एकाच खिळ्यावर सांभाळतं. पाककृती आणि लेख बाजूला ठेवून इथे फक्त पुढच्या बाजूबद्दल, म्हणजे तारखेच्या चौकटींबद्दल लिहितो. या दिनदर्शिकेचं खरं मोल तिथे आहे.

आधी एक नेहमीचा प्रश्न : जुनं चालेल का? २०२६ ची सुरुवात गुरुवारी, वर्ष ३६५ दिवसांचं. २०१५ आणि २००९ ही वर्षंही तशीच होती, त्यामुळे तारीख-वार हुबेहूब जुळतात. पुढे हेच पान २०३७ ला लागू पडेल. लीप वर्षाला मात्र २८ वर्षं थांबावं लागतं. २०२४ चं कॅलेंडर २०५२ ला उपयोगी.

पण सणांसाठी २०१५ चं पान काढलंत तर फसाल, आणि फसवणूक लगेच लक्षातही येत नाही. आषाढी एकादशी तेव्हा २७ जुलैला होती, यंदा २५ ला. गणेश चतुर्थी १७ सप्टेंबरला, यंदा १४ ला. दोन-तीन दिवसांचाच फरक, म्हणून विश्वास बसतो. वटपौर्णिमा बघा : २०१५ ला २ जून, यंदा २९ जून! कारण तेव्हा अधिक आषाढ होता आणि यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिना जिथे बसतो त्याच्या आसपासचे सण असे उडी मारतात. रमजान ईद तर १८ जुलैवरून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली, कारण हिजरी वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान आणि त्यात अधिक महिना नाही.

तिथी जुळवायच्या तर १९ वर्षं मागे जा. २००७ लाही अधिक ज्येष्ठच होता. गणेश चतुर्थी तेव्हा १५ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ९ नोव्हेंबरला. यंदा १४ सप्टेंबर आणि ८ नोव्हेंबर. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात, म्हणून हा मेळ. वार मात्र जुळत नाहीत, आणि एखाद्या दिवसाचा फरक राहतोच. थोडक्यात, नवं कॅलेंडर घ्यावंच लागतं.

आता १९ मार्चची चौकट, सगळ्यात शिकवणारी. त्या दिवशी मुंबईत सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, तेव्हा अजून अमावास्या आहे. ती ६.५२ ला संपते, प्रतिपदा सुरू होते आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधीच, पहाटे ४.५२ ला संपूनही जाते. प्रतिपदेला सूर्योदयच मिळाला नाही, म्हणून तिचा क्षय. गुढी तरीही १९ लाच उभारायची. तिथीपुढची वेळ ही ती संपण्याची वेळ असते. सुरू होण्याची समजून वाचलं की सगळा दिवस चुकतो. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

त्याच आठवड्यात दुसरा गोंधळ. शालिवाहन शके १९४८ पाडव्याला सुरू होतं, पण भारतीय सौर १ चैत्र १९४८ उजाडतो २२ मार्चला. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५७ पासून सरकारने स्वीकारलेली ही दिनांकपद्धत पूर्ण सौर आहे, चंद्राशी तिचा संबंध नाही. दोन्हीकडे 'शके' आणि 'चैत्र' असल्याने अर्जात भलताच दिनांक पडतो.

पारशी नवरोजही नीट बघा. त्यांच्या शहेनशाही पंचांगाचं वर्ष कायम ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही, म्हणून तो दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे येतो. सध्या १५ ऑगस्ट, २०२८ पासून १४.

उणीव सांगायची तर स्थानिक वेळांची. मुंबईची चंद्रोदयाची वेळ नागपूरला तशीच धरू नका. नागपूर सुमारे सहा अंश पूर्वेला आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण २५ मिनिटं आधी. न्यू जर्सीत ही प्रत टांगणाऱ्यांनी तिथीच्या वेळेतून मार्च ते नोव्हेंबर साडेनऊ तास वजा करावेत, हिवाळ्यात साडेदहा. चंद्रोदयाला आणि सूर्योदयाला हा हिशोब लागू नाही, ते तिथलेच बघावेत.