तोडा भरतकामाचा स्टोल : घ्यावा कसा, वापरावा कसा

निलगिरीतील तोडा या आदिवासी समाजाच्या स्त्रिया जाड्याभरड्या पांढुरक्या सुती कापडावर लाल-काळ्या धाग्यांनी भरतकाम करतात. तसा एक स्टोल मी उटीतील हस्तकलेच्या दुकानातून घेतला आणि हिवाळाभर वापरला. वस्तू उत्तम आहे. दुकानाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

या भरतकामात कापडावर आधी नक्षी रेखाटलेली नसते. उभे-आडवे धागे मोजत, कापडाच्या उलट बाजूने सुई चालवली जाते. मोजणीची ही शिस्त पाहून कर्नाटकातील कसुती हे भरतकाम आठवते. पण कसुतीचा गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखाच सपाट दिसतो, तर येथे धाग्याचे बारीक फास मुद्दाम सैल सोडल्यामुळे नक्षी कापडावर उठून येते आणि लांबून पाहणाऱ्याला ती विणलेलीच वाटते. हेच फास बांगड्यांत आणि मंगळसूत्रात अडकतात, हा या स्टोलचा खरा दोष. पहिल्या धुण्यात लाल रंग थोडा उतरला. स्टोल थंड पाण्यात, वेगळाच धुवावा.

हे भरतकाम मुळात ‘पुतुकुळी’ या मोठ्या शालीचे. तोडा स्त्री-पुरुष ती सणासमारंभाला अंगावर घेतात आणि मृतदेहही तिच्यातच गुंडाळला जातो. नक्षीतील म्हशीची शिंगे ज्या समाजाची देवळेही दूधदुभत्याशी बांधलेली आहेत त्याच्या श्रद्धेतून आलेली आहेत. म्हणून पूर्ण पुतुकुळी पांघरून, तोडा असल्याचा आव आणून छायाचित्रे काढणे मला खटकते. स्टोल, पिशव्या, टेबलावरची आच्छादने या वस्तू मात्र तोडा स्त्रिया विक्रीसाठीच भरतात, तेव्हा त्या वापरताना संकोच करण्याचे कारण नाही. उलट आपल्या रोजच्या कपड्यांवर त्या घेतल्या तरच त्यांत आपली आवड दिसते. राखाडी खादीच्या कुर्त्यावर हा स्टोल फार शोभतो. कसुती भरलेल्या इरकल साडीवर घेऊन पाहिला, तेव्हा दोन्ही भरतकामे एकमेकींशी भांडू लागली. साध्या, एकरंगी हातमागाच्या साडीवर तो बरा. त्याचे तुकडे करून पायपुसणे किंवा उशीचे अभ्रे शिवू नयेत, इतके तरी पथ्य पाळावे.

दुकानाबाबत तक्रार अशी की, हाताने भरलेला माल आणि यंत्रावरची नक्कल एकाच फळीवर, एकाच नावाने ठेवलेली होती, आणि कोणता स्टोल कोणी भरला हे विक्रेत्याला सांगता येईना. तोडा भरतकामाला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातील अस्सल मालाचे नाव जपणारी नोंद, मिळालेले असताना हे चालावे, याचे नवल वाटते. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी वळणाच्या चपला मूळ कारागिरांचे नावही न घेता मांडल्या, तेव्हा आपल्याकडे केवढा संताप झाला होता. तोच न्याय आपण उटीत खरेदी करताना लावतो का, हा प्रश्न मला त्या फळीसमोर पडला.

अस्सल माल ओळखायचा तर स्टोल उलटून पाहावा. मागे अस्तर चिकटवलेले असेल आणि सगळे टाके काटेकोर एकसारखे असतील, तर तो बहुधा यंत्रावरचा. हाताने भरलेला स्टोल साहजिकच बराच महाग पडतो, तरी शक्यतो तोडा स्त्रियांकडून थेट किंवा त्यांच्या गटांकडून घ्यावा. आणि मानेला लोकर टोचणाऱ्यांनी आधी दुकानातच तो गळ्याभोवती गुंडाळून पाहावा, कारण भरलेले टोक बरेच जाड आणि खरखरीत लागते.